डोमाजींचा सांधा

डोमाजी परात्यांच्या लक्षात माणसाचा चेहरा राहत नसे, कापड राहत असे. रस्त्यात कोणी भेटलं की त्यांची नजर आधी त्याच्या खांद्यावर जाई, मग बाहीवर, आणि वेळ उरलाच तर तोंडावर. समोरचा पुरुष असला तर त्याच्या पंचाचं टोक दोन बोटांत धरून चोळून बघत आणि मग तब्येतीची चौकशी करत. बायकांच्या पदराला हात लावायचा नाही एवढी रीत ते पाळत, पण बघायचं सोडत नसत. एकदा सकाळी शेडमध्ये आल्या आल्या मला म्हणाले, "कमलबाई, तुमच्या मातोश्री काल बजारात दिसल्या जी. वारासिवनीचं पातळ. डाव्या अंगाले काठ उसवला हाय, थो पहा."

संध्याकाळी मी आईला हे सांगितलं. तो उसवलेला काठ गेली दोन वर्षं ती निऱ्यांत लपवून नेसत होती, आणि घरात मलाही त्याचा पत्ता नव्हता. "कोण मेला हा?" एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून डोमाजी समोरून येताना दिसले की पलीकडच्या बाजूने जाऊ लागली.

बालाघाटजवळच्या वारासिवनीचे हे विणकर आमच्या शेडमध्ये काय करत होते हे आधी सांगायला हवं. सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. कॉम्प्युटर हा शब्द बालाघाटात दहा-बारा लोकांना माहीत असेल, आणि त्यातल्या निम्म्यांचा त्यावर विश्वास नसेल. पण कॉम्प्युटरची आठवण ज्यात साठवतात ते जाळं आमच्या इथे, मालधक्क्याच्या रस्त्यावरच्या एका जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये, हाताने विणलं जात होतं. हे मी आज कोणाला सांगितलं तर माझ्याकडे दयेने बघतात.

हा उद्योग आणला देशकर साहेबांनी. बालाघाटातच वाढलेले, दक्षिणेकडच्या एका कंपनीत इंजिनियर झालेले. त्या काळी ही आठवण राजगिऱ्याएवढ्या काळ्या रिंगांत राहायची. रिंगेतून वीज एका दिशेने गेली की ती 'हो' धरून ठेवी, उलट्या दिशेने गेली की 'नाही'. दिवे गेले तरी विसरत नसे. अशा हजारो रिंगा चौकटीत ओळीने उभ्या करायच्या आणि प्रत्येकीतून केसासारख्या तांब्याच्या तारा ओवायच्या, एक उभी, एक आडवी, आणि शेवटी एक अशी की जी सगळ्या रिंगांतून वळत वळत फिरून बाहेर येते. तिला आम्ही फिरती तार म्हणायचो आणि तयार झालेल्या चौकटीला जाळी. रिंगांच्या भुकटीत मँगनीज लागतं, आणि मँगनीज तर आमच्या भरवेलीच्या खाणीतून रोज गाड्या भरभरून बाहेर जात होतं. देशकर साहेब म्हणायचे, आज जाळ्या विणू, उद्या रिंगाही इथेच भाजू. कंपनीने त्यांना शेड दिली ती चाचणी म्हणून. काम पसंत पडलं तर पक्का कारखाना होणार होता.

मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. वडील तहसील कचेरीत, त्यांनी शब्द टाकला आणि मला जाळ्या तपासायचं काम मिळालं. तारेच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला टॉर्चचा बल्ब. पेटला तर तार अखंड.

ओवायला साहेबांना फक्त बायका हव्या होत्या. विडी वळणाऱ्या बायका आल्या, त्यांत बुद्धविहाराच्या मागे राहणारी सकूबाई सगळ्यांत चपळ. डोमाजी आले तेव्हा साहेबांनी दारातूनच सांगितलं, हे नाजूक बोटांचं काम आहे, पुरुष नकोत. डोमाजींनी वाद घातला नाही. उंबऱ्यापाशी काही रिंगा सांडल्या होत्या. ते खाली बसले, आपल्या मिशीतला एक पांढरा केस उपटला आणि त्यात एकेक रिंग ओवत बसले. केस भरला तसा त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माग बंद पडला जी. बोटं नाई पडली."

साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. पुढे बायकांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. उभ्या तारांना ते ताणा म्हणत, आडव्यांना बाणा, आणि देशकर साहेबही हळूहळू तसंच म्हणायला लागले. काम सुरू करण्याआधी हात राखेने धुवायचे, मग कोरड्या पंचाने एकेक बोट पुसायचं, मग दोन्ही हात चौकटीला लावून कपाळाला लावायचे. अमावस्येला विणकर मागाला हात लावत नाही, म्हणून अमावस्येला ते तारेला हात लावत नसत. रजाही घेत नसत. यायचे, शेड झाडायचे आणि दिवसभर कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढायचे. सकूबाई म्हणायची, "डोमाजीबुवा, तुमची अमावस आमाले भारी पडते."

एकदा त्यांनी साहेबांना विचारलं, "हे यंत्र काय काय ध्यानात ठेवते जी?"

साहेबांनी समजावलं, एक रिंग म्हणजे एक हो किंवा एक नाही. बस्स.

डोमाजी म्हणाले, "मंग माह्या रामले हेच इचारून घ्या त्याच्यात. येते का नाई येते."

राम हा त्यांचा एकुलता मुलगा. मागावर पोट भरेना तसा तो भिलाईला लोखंडात कामाला गेला होता. बायको वारली होती. वारासिवनीच्या घरातला माग सोडवून त्याची लाकडं डोमाजींनी आढ्याला बांधून ठेवली होती, आणि मागाखालचा पाय सोडून बसायचा खड्डा माती घालून बुजवला होता, का, तर तिथे रामची खाट बसेल. देशकर साहेबांनी शब्द दिला होता, कारखाना पक्का झाला की रामचं नाव पहिलं. डोमाजी हे रोज कोणाला ना कोणाला सांगत. "शेड पक्की झाली का रामले बोलावतो." आम्हाला ते इतकं पाठ झालं होतं की त्यांनी तोंड उघडलं की सकूबाई पुढचं वाक्य म्हणून टाकायची. ते चिडत नसत, उलट बरोबर म्हटलं म्हणून मान हलवत.

राम एकदा येऊनही गेला. उंच, अबोल पोरगा, वडलांशीही हिंदीतच बोलणारा. शेडमध्ये उभा राहून त्याने आमची टेबलं बघितली, डोक्यावरचे पत्रे बघितले. "ये पक्का हो जाए तो खबर करना, बाबा," म्हणाला आणि दुपारच्या छोट्या गाडीने परत गेला. डोमाजी त्याला स्टेशनवर पोचवून आले ते खूश होऊन. सांगत होते, पोराचा शर्ट टेरिकॉटचा होता, पण शिवण हातची होती. म्हणजे भिलाईत कोणीतरी त्याचं बघणारं आहे, असं त्यांनी त्यावरून ठरवलं.

पहिल्या खेपेच्या जाळ्या आम्ही भाताच्या तणसात गुंडाळून, खोक्यांत भरून पाठवल्या, आणि काही महिन्यांनी त्या त्याच खोक्यांतून, त्याच तणसात परत आल्या.

यंत्रात बसवल्या की थोडा वेळ बरोबर चालत, मग तापल्या की विसरायला लागत. एखादी नव्हे, जवळजवळ प्रत्येक. देशकर साहेब भिंग घेऊन बसले ते उठेनातच. आधी त्यांना रिंगांचा संशय आला, मग मालधक्क्यावरून उडणाऱ्या काळ्या धुळीचा, मग आमच्या उन्हाळ्याचा. मी सगळ्या तारा पुन्हा तपासल्या. प्रत्येक तारेवर बल्ब पेटला. बायका एकमेकींशी कुजबुजत, साहेबांना दाढी करायचंही भान नव्हतं. त्या माणसाची दशा मला बघवत नव्हती, आणि डोमाजींनाही बघवली नसावी. एका दुपारी ते साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, उगाच जीव नका जाळू. खोट रिंगेत असन, हातात नाई. मी दाखवतो तुमाले."

त्यांनी तारेचा एक तुकडा घेतला आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत तोडला. अंगठ्याच्या नखाने दोन्ही टोकांवरचं वार्निश खरवडलं, बोट जिभेला लावलं, आणि दोन्ही टोकं चिमटीत धरून एकदाच पीळ दिला. मग तो सांधा सरकवत सरकवत एका रिंगेच्या पोटात नेऊन बसवला आणि तार ताणून धरली.

"सांगा, कुठं तुटलीती?"

साहेबांनी भिंग लावलं. आम्ही सगळ्याजणी भोवती गोळा झालो. तार अखंड दिसत होती. मी बल्ब जोडला, पेटला. डोमाजी हसत होते. त्यांचं ते हसणं मला नंतर फार त्रास देऊन गेलं. इतका निर्मळ आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "डोमाजी, हे तुम्ही जाळ्यांत पण केलंत?"

"हौ तं. जिथं तुटली तिथं. एक बी सोडली नाई. समद्यायले शिकवलं. सकूबाई तं आता माह्यापेक्षा बेस करते."

"पण मी सांगितलं होतं ना, तार तुटली की सगळी काढायची आणि नवी ओवायची?"

"थे सांगतलंतं," डोमाजी म्हणाले. "मले वाटलं, नवशिक्यायसाठी हाय. चालत्या मागावरचा ताणा एका धाग्यापायी कोनी उपटून फेकते का जी? मंग त्याले विणकर कोन म्हनन?"

साहेबांनी हळू आवाजात, एखाद्या घरच्या माणसाला वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं. कापडाला सांधा चालतो. विजेला चालत नाही. थंड असताना टोकं एकमेकांना चिकटून राहतात, यंत्र तापलं की सुटतात, आणि सुटली की जाळी विसरते. जेवढा सुंदर सांधा, तेवढा शोधायला अवघड. आता कोणत्या जाळीत, कोणत्या रिंगेच्या पोटात तो आहे, हे तो बनवणाऱ्यांनाही सापडणार नव्हतं.

डोमाजी ऐकत उभे होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे समद्याच?"

"समद्याच," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या खेपेच्या जाळ्या तोडून तांबं भंगारात गेलं. साहेबांनी कंपनीला सगळी जबाबदारी आपली म्हणून कळवलं आणि कसंबसं आणखी एका खेपेचं काम मिळवलं. ती बरोबर निघाली तर ठीक, नाहीतर शेड बंद. डोमाजींना काढून टाका असं कंपनीचं म्हणणं होतं म्हणे. साहेबांनी ते ऐकलं नाही.

नंतरचं वर्ष मी डोमाजींना बघत होते. बोलणं कमी झालं. रामचं नाव निघेनासं झालं, आणि सकूबाईलाही त्यांचं वाक्य म्हणायची हिंमत होईना. बाईच्या हातची तार तुटली की ती बिचारी घाबरून त्यांच्याकडे बघे. ते उठून येत, तिला बाजूला करत आणि तुटलेली तार स्वतः उपसून काढत. दुसऱ्या कोणाला काढू देत नसत. फिरती तार शेवटच्या ओळींत तुटली तर काही दिवसांचं काम जाई. तेव्हा चौकटीवर वाकलेल्या त्यांच्या मानेकडे मी बघत असे. हात तार ओढत, तोंड भिंतीकडे असे. एकदा त्यांच्या बोटांनी सवयीने टोकं खरवडून पीळ दिलाच. मग लक्षात आलं तसे ते दचकले, आणि सांध्याच्या बऱ्याच मागून तार तोडून टाकली. त्या वर्षी अमावस्या पाळणंही त्यांनी सोडून दिलं. सकूबाईने विचारलं, "आज तं अमावस हाय ना बुवा?" ते म्हणाले, "राहू दे." दोन्ही हात चौकटीला लावून त्यांनी कपाळाला लावले आणि ओवायला बसले.

ती खेप बरोबर निघाली. देशकर साहेबांनी हे सांगितलं तेव्हा बायकांनी बताशे आणले, आणि डोमाजींनी भिलाईला रामला निरोप पाठवला, तयारी ठेव. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातले ते शेवटचे बरे आठवडे होते. वारासिवनीला जाऊन त्यांनी घर सारवून घेतलं. खाटेला नवी सुतळी विणली.

मग कंपनीचा एक अधिकारी गोंदियाहून जीपने आला. आम्हाला वाटलं कारखाना पक्का करायला आला. डोमाजींनी आधी त्याच्या बाहीला हात लावून बघितलं. "हे कपाशीचं नाई जी," ते म्हणाले. अधिकारी चांगला माणूस होता, हसला. मग त्याने खिशातून एक काड्यापेटी काढली. आत कापसावर एक काळी चपटी वस्तू ठेवलेली होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही बाजूंना पाय असलेली.

"आपकी जाली का काम अब ये करेगा," तो म्हणाला. "आगे ऐसी कितनी ही जालियाँ इसमें आ जाएँगी."

डोमाजींनी ती हातात घेतली, उलटी केली, कडेवरून नख फिरवलं. तारेचं टोक शोधत होते. "हे कोनं विणलं?"

"किसी ने नहीं. ये तो छपता है, फोटो जैसा."

त्यांनी ती वस्तू कापसावर परत ठेवली. "अन् आमची जाळी? तिच्यात काई निघालं का?"

"नहीं नहीं, जाली एकदम सही थी."

डोमाजींनी मान हलवली. ती मान मला ओळखीची होती. समोरचा माणूस सभ्यपणाने बोलतो आहे हे कळल्यावर आपण हलवतो तशी. त्या उन्हाळ्यात शेड बंद झाली. देशकर साहेब दक्षिणेकडे गेले, बायका पुन्हा विडीच्या पानांकडे वळल्या. माझं लग्न झालं आणि मी नागपूरला आले.

डोमाजी मला शेवटचे दिसले ते काही वर्षांनी, आई गेल्यावर. घर आवरून मी परत निघाले होते आणि गोंदियाच्या बसला वेळ होता. बसस्टँडसमोर एका शिंप्याच्या पत्र्याखाली एक म्हातारा पोतं अंथरून रफू करत बसला होता. मी जवळून गेले तर वर न बघताच म्हणाला, "हे पातळ तं कमलबाईच्या मातोश्रीचं हाय."

मी थांबले. आईचं तेच वारासिवनीचं पातळ मी नेसले होते. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पांढरं आलं होतं. आई गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, मग म्हणाले, "थो काठ अजून तसाच ठेवला त्यायनं. बसा."

शिंप्याच्या स्टुलावर मी बसले आणि त्यांनी काठ हातात घेतला. इतक्या वर्षांत बाईच्या नेसत्या पातळाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. सुई चालू लागली. मी रामचं विचारलं.

"तिथंच हाय. लेकरंबाळं झाली. सून भिलाईकडचीच. इथं येऊन करन काय? शेड असती तं आला असता."

धागा दातांनी तोडून ते पुढे म्हणाले, "माह्या सांध्यापायी गेली शेड. पोरगं बी त्याच्यातच गेलं. कोनाले सांगू?"

माझ्याच्याने राहवलं नाही. इतकी वर्षं हा माणूस हे ओझं घेऊन बसला आहे, आणि खरं काय ते मला माहीत आहे. मी त्यांना समजावलं. म्हटलं, डोमाजी, तसं नाही. दुसरी खेप बरोबर होती, अगदी निर्दोष होती. काड्यापेटीतला तो काळा किडा आला म्हणून शेड गेली. तुमचा एकही सांधा नसता, पहिल्या दिवसापासून सगळं बरोबर झालं असतं, तरी ती त्याच उन्हाळ्यात बंद झाली असती. आता सगळीकडच्या जाळ्या गेल्या. तुमचा काही दोष नाही.

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

त्यांची सुई थांबली. "म्हंजे आपन समदं बराबर केलं असतं, तरी?"

"तरी," मी म्हटलं.

"अन् राम? तरी नसता आला?"

समोर गोंदियाची बस लागली, कंडक्टर ओरडू लागला. डोमाजींनी काठावरून अंगठा फिरवून तो माझ्या हातात दिला. उसवलेलं कुठे होतं ते मला सापडलं नाही.

"थे नका सांगू जी कोनाले," ते म्हणाले. "माह्या हातानं गेली, असंच राहू द्या."

आणि त्यांनी शिंप्याने दिलेली पुढची विजार गुडघ्यावर ओढून घेतली.